माते: येर्बा भरण्यापासून 'ग्रासियास' म्हणेपर्यंत

एका लहान भांड्यात येर्बा नावाचा पाला, त्यात खोचलेली धातूची नळी, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. अर्जेंटिना, उरुग्वे, पराग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग इथे कितीतरी घरांतली सकाळ माते या पेयाच्या या सरंजामाने सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत तो हाताशीच असतो. ऑफिसातल्या टेबलावर, कॉलेजच्या कट्ट्यावर, रविवारी बागेत, फुटबॉल सामन्याच्या प्रेक्षकांत. माँतेविदेओमध्ये तर रांब्ला या नदीकाठच्या रस्त्यावर थर्मास काखेत दाबून आणि त्याच हातात भांडं धरून लोक फिरायला निघतात. दुसरा हात मोकळा राहतो. अर्जेंटिनातल्या कितीतरी पेट्रोल पंपांवर थर्मास भरून घ्यायला गरम पाण्याची यंत्रं बसवलेली असतात.

आपल्याकडे ऑनलाइन मागवलेलं येर्बाचं पाकीट मात्र अनेकदा दोन-चार दिवसांतच फडताळात मागे जातं. कारण आपण ते चहासारखं करायला जातो: उकळतं पाणी, चमचाभर पाला, वर गाळणं. होतो तो कडू काढा. माते करायचा हिशेब याच्या उलटा आहे. पाला भांडंभर, पाणी घोट-घोट, आणि पाल्याचा बराच भाग शेवटच्या फेरीपर्यंत कोरडा. ही कोरडी बाजू सांभाळता आली की निम्मं काम झालं. खाली सांगितलेल्या बहुतेक पायऱ्या, आणि बैठकीचे काही नियमसुद्धा, तिच्यासाठीच आहेत.

पाला कुठून येतो

येर्बा म्हणजे इलेक्स पराग्वारिएन्सिस या सदाहरित झाडाची वाळवलेली पानं आणि काड्या. चहाशी त्याचं नातं नाही, हे हॉलीच्या कुळातलं झाड. पराना आणि उरुग्वे नद्यांच्या खोऱ्यातले ग्वारानी लोक युरोपीय यायच्या कितीतरी आधीपासून ते वापरत होते. स्पॅनिश अमलात सुरुवातीला पाद्र्यांनी या पेयाला व्यसन म्हणून नाकं मुरडली. मग सतराव्या शतकात जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी आपल्या ग्वारानी वसाहतींत त्याचेच मळे लावले आणि व्यापारही जोरात केला. 1767 मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हद्दपार केलं, मळे उजाड झाले आणि बी रुजवायची हातोटीही विसरली गेली. हे बी सहजासहजी रुजत नाही. पुढची शंभराहून जास्त वर्षं लोक मुख्यतः जंगलातलीच झाडं ओरबाडत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्वेनोस आयरेसच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख कार्लोस थाइस यांनी बी रुजवण्याची रीत पुन्हा बसवली, तेव्हा कुठे मिसिओनेस प्रांतात मोठे मळे उभे राहिले. आज अर्जेंटिनाची येर्बा मिसिओनेस आणि कोर्रिएन्तेसचा ईशान्य कोपरा एवढ्याच पट्ट्यात पिकते.

मुख्य तोडणी एप्रिल ते सप्टेंबर. तोडणाऱ्या मजुरांना तारेफेरो म्हणतात. मजुरी वजनावर, काम हंगामी, आणि पाठीवर पाल्याची प्रचंड गाठोडी. पाकिटावर हिरवीगार पानं छापलेली असतात, हे लोक नसतात. तोडलेला पाला काही सेकंद थेट ज्वाळेतून फिरवतात, त्याला सापेकादो म्हणतात. त्यामुळे पान काळं पडत नाही. मग वाळवणं, भरडणं आणि मुरवणं. अर्जेंटिनात नैसर्गिकरीत्या मुरवायचं तर वर्षभर, कधी दोन वर्षंही पोती ठेवतात. बार्बाक्वा पद्धतीत लाकडाच्या आचेवर सावकाश वाळवतात, त्याचा धुरकट वास कपात स्पष्ट येतो.

पाकीट निवडताना

अर्जेंटिनी पाकिटावर 'कोन पालो' असेल तर काड्यांसह, 'सिन पालो' असेल तर काड्यांविना. काड्यांमुळे चव सौम्य होते आणि पाणी नीट वाहतं, म्हणून नवख्याने कोन पालोच घ्यावी. प्लायादितो हलकी, तारागुई मधली, रोसामोंते जरा दांडगी. उरुग्वेत येर्बा जवळपास पिकतच नाही, ब्राझीलमधून येते. कानारियास हा तिथला घरोघरचा ब्रँड. ती बारीक, भुकटीदार आणि कडक असते, नळी तुंबायला वेळ लागत नाही. ब्राझीलचं शिमाराँव आणखी वेगळं: न मुरवलेली, पोपटी रंगाची, जवळजवळ पिठासारखी येर्बा, आणि तिच्यासाठी मोठ्या तोंडाचं भोपळ्याचं भांडं, कुइया. पराग्वेच्या पाहारितो आणि कुरुपी या येर्बा थंड पाण्यालाही चांगल्या टिकतात. 'कोन येर्बास' किंवा 'कोम्पुएस्ता' लिहिलं असेल तर पुदिन्यासारख्या वनस्पती मिसळलेल्या आहेत असं समजा.

पाकीट उघडल्यावर हवाबंद डब्यात ओता आणि मसाल्याच्या डब्यांपासून लांब ठेवा. येर्बा वास पटकन ओढून घेते. गरम मसाल्याचं माते कोणालाच नको असतं.

भांडं, आणि त्याचं कुरादो

तिकडे पेयाला आणि भांड्याला, दोन्हींना मातेच म्हणतात. पारंपरिक भांडं वाळवलेल्या भोपळ्याचं. हा भोपळा म्हणजे लाजेनारिया सिसेरारिया, आपला दुधी ज्या जातीचा आहे तीच वनस्पती. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला पंढरपूरकडचे जे मोठे भोपळे लावतात, तेही याच जातीचे. फळ वेलावर पक्कं होऊ देऊन वाळवलं की सालीचं लाकूड होतं.

नवा भोपळा थेट वापरला तर पहिले कित्येक घोट भाजीच्या सालीसारखे लागतात. म्हणून आधी कुरादो, म्हणजे भांडं मुरवून तयार करणं. आधी वापरलेली ओली येर्बा (नसेल तर ताजी) भांड्यात काठोकाठ भरा, वर गरम पाणी घाला आणि एक दिवस तसंच राहू द्या. पाणी मुरलं तर थोडं वाढवा. दुसऱ्या दिवशी रिकामं करून चमच्याने आतला मऊ पडलेला गर हलक्या हाताने खरवडा. देठाच्या जागी जोर लावू नका, तिथे भोक पडू शकतं. पुन्हा भरा, पुन्हा दिवसभर ठेवा, पुन्हा खरवडा. मग सावलीत कोरडं करा, कडक उन्हात भोपळा तडकतो. लाकडाच्या भांड्याला आतून लोणी किंवा तेल चोळून एक रात्र ठेवायची पद्धत आहे. काच, चिनीमाती, स्टील यांना यातलं काहीच लागत नाही.

माझं स्पष्ट मत: कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर भोपळा कपाटात नीट वाळवून ठेवा आणि स्टीलच्या नाहीतर काचेच्या भांड्यात प्या. पावसाळ्यात भोपळ्याला एका रात्रीत पांढरी बुरशी धरते. थोडी असेल तर खरवडून, उकळत्या पाण्याने धुऊन, कोरडं करून चालवून घेता येतं. कुबट वास राहिलाच तर मोह सोडा. एरवीही शेवटचा घोट झाल्यावर येर्बा काढून टाका, साध्या पाण्याने विसळा (साबण नको, भोपळा तो पितो) आणि भांडं आडवं ठेवून सुकवा. पालथं घातलं तर आतली ओल बाहेर पडत नाही.

आकार 150 ते 200 मिलिलिटरचा पुरे.

बोंबिया

पिण्याची नळी म्हणजे बोंबिया. ब्वेनोस आयरेसचे लोक तिला 'बोंबिशा' म्हणतात, आणि येर्बाला 'शेर्बा', तेव्हा व्हिडिओत ऐकताना गोंधळू नका. ग्वारानी लोक बारीक बांबूची नळी वापरत. आज स्टेनलेस स्टील सगळ्यांत बिनकटकटीचं. स्प्रिंगची गाळणी असेल तर ती काढून ब्रशने साफ करता येते. चमच्यासारख्या चपट्या, भोकं पाडलेल्या टोकाची बोंबिया अर्जेंटिनी येर्बाला छान चालते, भुकटीदार उरुग्वेयन येर्बाला तिची भोकं बारीक असावी लागतात. चांदीची शोभेला उत्तम, पण ओठ भाजते.

पाणी

70 ते 80 अंश सेल्सिअस. याहून गरम पाण्याने येर्बा 'करपते' असं तिकडे म्हणतात: कडूपणा एकदम सुटतो आणि तिसऱ्या फेरीला चव संपलेली असते. अर्जेंटिनातल्या विजेच्या किटल्यांवर मातेसाठी वेगळं बटणच असतं. आपल्याकडे तापमापक नसेल तर सोपा हिशेब: दोन वाट्या उकळतं पाणी, एक वाटी साधं पाणी. साधारण 75 अंशांच्या आसपास येतं. ते लगेच थर्मासमध्ये भरा. थर्मासची धार बारीक पडते का, हे विकत घेतानाच बघा. भसकन ओतणारा थर्मास या कामाला निरुपयोगी. एका बैठकीला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं.

भरणं: इथे घाई नको

भांडं दोन-तृतीयांश ते पाऊण भरेल इतकी येर्बा घाला. हो, इतकी. मध्यम भांड्यात ती 35 ते 50 ग्रॅम भरते.

आता तोंडावर तळहात घट्ट ठेवून भांडं पालथं करा आणि जोरात हलवा. बारीक भुकटी तळहाताकडे जमा होते, काही हाताला चिकटते. ती फुंकरून टाका. जाड पानं आणि काड्या भांड्याच्या तळाकडे राहतात. बोंबियाची गाळणी तिथेच बसणार असल्यामुळे तळाला भुकटी नको. भांडं तिरकं ठेवूनच हळूहळू सरळ करा, म्हणजे येर्बा एका अंगाला कललेली राहील. एका बाजूला काठापर्यंत चढलेली टेकडी, दुसऱ्या बाजूला खोल खड्डा. या टेकडीला तिकडे 'मोंतान्यिता' म्हणतात.

खड्ड्यात कोमट पाणी ओता, गरम नव्हे. टेकडीचा पायथा भिजेल एवढंच. दोन मिनिटं थांबा. पाला पाणी पिऊन फुगतो आणि उतार जागच्या जागी घट्ट बसतो. हे कोमट पाणी टाळून सरळ थर्मास उचलायचा मोह सगळ्यांना होतो. तसं केलं की उतार ढासळतो, भुकटी तरंगते आणि पुढचा सगळा वेळ नळी फुंकण्यात जातो.

मग बोंबिया. वरचं तोंड अंगठ्याने बंद करून तिचं खालचं टोक खड्ड्याच्या बाजूने आत सरकवा, तळाशी भिंतीला टेकवा. अंगठा दाबलेला असेपर्यंत आतली हवा अडून राहते, त्यामुळे भुकटी नळीत शिरत नाही. घट्ट बसली की अंगठा काढा. इथून पुढे तिला ढवळायचं नाही, फिरवायचं नाही, जरा वर उचलून बघायचं नाही.

आता गरम पाणी, बोंबियाच्या दांडीला अगदी लागून, बारीक धारेने, थोड्या उंचीवरून. पाणी पडतं तिथे हिरवट फेस धरतो. तो टिकला तर येर्बा ताजी आणि हात चांगला. टेकडीचा माथा कोरडाच राहिला पाहिजे. एका वेळी मावतं ते जेमतेम तीन-चार घोट. फुर्र असा आवाज येईपर्यंत ओढून संपवा आणि पुन्हा त्याच जागी धार धरा.

पाच-सहा फेऱ्यांनंतर चव उतरायला लागते. आता कोरडी बाजू उपयोगी पडते: धार किंचित टेकडीकडे सरकवा, थोडा नवा पाला भिजवा, कडूपणा परत येतो. असं करत करत माथ्यापर्यंत पोचायचं. सगळा माथा भिजला, काड्या तरंगायला लागल्या, पाणी पाण्यासारखंच लागलं, की माते 'लावादो' झालं, म्हणजे धुऊन निघालं. थोडी जुनी येर्बा काढून नवी घाला किंवा सरळ नव्याने भरा.

नळी तुंबली तर आधी जोरात ओढू नका, हळूच एकदा उलटं फुंका. तरीही अडली तर बोंबिया काढून धुवा आणि पुन्हा अंगठा लावून बसवा. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होत असेल तर पाणी दहा अंशांनी कमी करून बघा. साखर शेवटचा उपाय. साखर घालणारे लोक तिकडेही पुष्कळ आहेत, फक्त कडू पिणारे त्यांच्याकडे जरा दयेने बघतात. संत्र्याच्या सालीचा तुकडा मात्र दोन्ही पक्षांना चालतो.

फेरी

चार माणसं असली तरी भांडं एक, बोंबिया एक, आणि पाणी घालणारा एक. त्याला सेबादोर म्हणतात, बाई असेल तर सेबादोरा. भरलेलं भांडं तो एकाला देतो, तो माणूस ते पूर्ण संपवून त्यालाच परत करतो, मग पुढच्याची पाळी. भांडं थेट शेजाऱ्याच्या हाती जात नाही. पाणी घालणारा हात बदलला की धारेची जागा बदलते आणि टेकडी कोसळते, हे एकदा भरून बघितलं की आपोआप कळतं.

पहिलं माते सेबादोर स्वतः पितो. ते सगळ्यांत कडू, कोमट आणि भुकटीचं असतं, त्याला 'मूर्खाचं माते' असंच नाव आहे. ते पाहुण्याला देणं हा उद्धटपणा. एक बोंबिया सगळ्यांच्या तोंडी जाते, हे मराठी माणसाला पहिल्यांदा खटकतंच. आपण तांब्या ओठांना न लावता वरून पाणी पिणारे, उष्ट्याचा विचार अंगात भिनलेला. तिथे मात्र नळी पुसून घेणं अपमानास्पद वाटतं. नको असेल तर माते नाकारता येतं, कोणी वाईट वाटून घेत नाही. घेतलं तर न पुसता प्यायचं. 2020 मध्ये करोनाच्या साथीत ज्याचं त्याचं भांडं, ज्याची त्याची नळी असा प्रकार सुरू झाला. ऑफिसांतून काही जणांनी तो पुढेही ठेवला. सर्दी-खोकला असेल तर आपणहून बाजूला होणं हा आताचा शिष्टाचार आहे.

हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे 'ग्रासियास'. भांडं हातात आलं की आभार मानायचे नाहीत, नुसतं घ्यायचं. परत करताना 'ग्रासियास' म्हटलं तर 'बस, मला आता नको' असा त्याचा अर्थ होतो आणि पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात. शेवटचं पिऊन झाल्यावरच म्हणा. भांडं हातात धरून गप्पा मारत बसू नका, बाकीचे थांबलेले असतात. गोष्ट रंगात आली की कोणीतरी म्हणतंच की हा काही मायक्रोफोन नाही.

सोबत खायला ब्वेनोस आयरेसला फाक्तुरास म्हणजे गोड बेकरीचे प्रकार किंवा खारी बिस्किटं, मिसिओनेस-पराग्वेत चीज आणि कसाव्याच्या पिठाची चिपा. पाऊस लागला की मैद्याच्या पुऱ्यांसारखी तोर्ता फ्रिता तळतात.

उन्हाळ्यासाठी तेरेरे

महाराष्ट्रातल्या एप्रिल-मेला गरम मातेपेक्षा पराग्वेचं तेरेरे, म्हणजे थंड पाण्यातलं माते, जास्त मानवेल. पराग्वेत बरेच लोक सकाळी गरम माते घेतात आणि ऊन चढलं की तेरेरेवर येतात. भांडं बहुतेक गाईबैलाच्या शिंगाचं, त्याला ग्वाम्पा म्हणतात. आसुन्सिओनच्या रस्त्यांवर औषधी पाला विकणाऱ्या बायका लाकडी खलबत्त्यात मुळ्या आणि पानं ठेचून देतात: उष्णतेवर एक, पोटावर दुसरं, झोपेवर तिसरं. काय होतंय ते त्यांना सांगायचं आणि त्या देतील ते घ्यायचं. ही वनौषधींची जाण ग्वारानी परंपरेतली, आणि तिच्यासकट तेरेरे 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं.

घरी करताना पुदिन्याची मूठभर पानं आणि गवती चहाच्या दोन-तीन काड्या खलबत्त्यात ठेचा. गवती चहा पराग्वेतही तेरेरेत घालतात, त्यामुळे ही आपली तडजोड नाही. ठेचलेलं सगळं लिटरभर पाणी आणि भरपूर बर्फ असलेल्या जगमध्ये टाका. उंच पेला दोन-तृतीयांश येर्बाने भरा, कलता करा, बोंबिया बसवा. पहिलं पाणी घालून तसंच मुरू द्या. ते सांतो तोमास या संताने प्यायचं, असं पराग्वेत म्हणतात. मग प्यायला सुरुवात. इथे पाणी थंड असल्याने येर्बा करपायची भीती नाही.

जपून

मातेत कॅफीन असतं. 'मातेईना' म्हणून काही वेगळं द्रव्य असल्याचं पाकिटांवर आणि गप्पांत ऐकू येतं, पण रेणू तोच आहे. लिटरभर माते प्यायलात की कॅफीनही तेवढंच पोटात जातं. संध्याकाळनंतर नको, रिकाम्या पोटी बेताने, गरोदरपणात डॉक्टरांना विचारून. दुसरी गोष्ट तापमानाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये 65 अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात असं वर्गीकरण केलं. अतिगरम नसलेल्या मातेला त्यांनी त्या गटात धरलं नाही. 75 अंशांचं पाणी पाल्यातून आणि नळीतून येईपर्यंत निवतं, तरी ओठाला चटका बसला तर थांबा. धुराचा वास आवडत नसेल किंवा रोज भरपूर पिणार असाल तर धूर न लावता वाळवलेली येर्बा मिळते, ती घ्या.

बोंबिया नसेल तर

एवढी सामग्री नको असेल तर माते कोसिदो करा. अर्जेंटिनात शाळेच्या न्याहारीला मुलांना हेच देतात. कपभर पाणी उकळीला आलं की गॅस बंद करा, मोठा चमचा येर्बा टाका, झाकून तीन-चार मिनिटं ठेवा, गाळा, दूध-साखर घाला. पराग्वेतली रीत आणखी चविष्ट आहे: येर्बा आणि साखर एकत्र करून त्यावर निखारा ठेवतात, साखर जळून खमंग वास सुटला की वरून पाणी ओततात. निखारा नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे साखर आणि दोन चमचे येर्बा मंद आचेवर सतत हलवा. साखर वितळून तपकिरी झाली की लगेच दोन कप पाणी घाला (जरा लांबून, वाफ जोरात येते), एक उकळी द्या, गाळा आणि वरून गरम दूध घाला.